भोपळ्याचा मागचा दिवा

क्षणभर डोळे मिटा आणि अशी कल्पना करा, की तुम्ही आईच्या पोटी जन्माला आलेलेच नाही. गल्लीतल्या लोकांनी एकेक वस्तू देऊन तुम्हाला तयार केलंय. कान पोस्टमनचे, नाक पाव विकणाऱ्या बाईचं, डावा पाय एका फुटबॉल खेळणाऱ्याचा आणि उजवा त्याच्या म्हाताऱ्या मामाचा. सगळं छान चाललंय. तुम्ही पळताय, जेवताय, शिंकताय. मग एके दिवशी तुमचा एक कान निखळतो आणि हरवतो. तुम्ही कानांच्या दुकानात जाता. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून विचारतो, "कुणाचा कान?"

आता काय सांगाल? "माझा" म्हणून भागणार नाही. तुमच्या नावाने कान बनवतंय कोण? तो मुळात कुणाचा होता, हे तुम्हाला आठवलं पाहिजे.

उघडा डोळे. इंग्लंडात लिंकनशायरमधल्या आर्नल्ड क्लेपोल यांच्या गाडीची अवस्था नेमकी अशीच होती.

गाडी केशरी होती, म्हणून घरात तिला भोपळा म्हणत. ती काही कारखान्यातून तयार होऊन आली नव्हती. कोंबड्यांच्या एका रिकाम्या शेडमध्ये दोन भाऊ फायबरची नुसती कवचं बनवून विकत. कवच, मागचे दोन दिवे, मूठभर स्क्रू आणि चार कागद, एवढंच त्यांच्याकडून मिळायचं. बाकीची गाडी ज्याची त्याने इकडून तिकडून गोळा करायची आणि घरी जोडायची. अशा गाडीला किट कार म्हणतात. या गाडीचं ठेवलेलं नाव होतं मार्शलाइट. भावांनी अशी त्रेपन्न कवचं विकली. मग त्यांना बदकं पाळणं जास्त सोपं वाटलं आणि ते तिकडे वळले.

भोपळा जोडायला आर्नल्ड आजोबांना चार वर्षं लागली. पोटात बीटल गाडीचं इंजिन, दाराच्या कड्या मॉरिस गाडीच्या, समोरची काच एका दूधगाडीची, आरसे लंडनच्या टॅक्सीचे. मागचे दोन दिवे मात्र भावांनीच दिले होते आणि यादीत त्यांच्यापुढे लिहिलं होतं, 'दिवे: जे मिळाले ते.'

ही गोष्ट घडली तेव्हा भोपळा बावीस वर्षांचा होता आणि आजोबांची नात टॅबिथा दहा वर्षांची. तिला सगळे टॅबी म्हणत. ती शाळेतून थेट आजोबांकडे यायची. दर रविवारी दोघं भोपळ्यात बसून समुद्रावर सील बघायला जात. बसून म्हणजे कसं, तर भोपळ्याची दारं पंखांसारखी वर उघडायची, पण त्यांना वाटलं तरच. नाही वाटलं तर टॅबी मागची काच वर उचलून तिच्यातून, डोकं आधी घालून, आत-बाहेर करायची. आजोबांना वयामुळे ते जमत नसे. ते दाराची मनधरणी करत बाहेर उभे राहायचे.

मागच्या त्या दिव्यांचा आजोबांना फार अभिमान होता. लाल काचेचे, खाली गोल फुगीर आणि वर निमुळते होत टोकाला गेलेले, अगदी मेणबत्तीच्या ज्योतीसारखे. काच म्हणायची, होती प्लॅस्टिकचीच. मार्शलाइटवाल्यांचा एक क्लब होता. जिवंत उरलेल्या अकरा गाड्या आणि त्यांचे अकरा मालक. त्यांच्या बिल्ल्यावरही हीच ज्योत होती. ज्योतीत एकच खोट होती. पावसाचं पाणी आत साठायचं. क्लबचे चिटणीस डेस्मंड टकर यांनी त्यावर एक खास पिचकारीही शोधून काढली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अकराही जण टोकाजवळच्या बारीक भोकातून पिचकारी घालून दिव्यांतलं पाणी उपसत. एका वसंतात आजोबांच्या उजव्या दिव्यात बेडकाचं पिल्लू निघालं होतं. डेस्मंड म्हणाले, चांगल्या गाडीला घाम येतोच.

आता मॉरीन आजीकडे वळू. आजी गावच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. ट्रॉम्बोन म्हणजे ते पितळी वाद्य, ज्याची नळी पुढेमागे सरकवतात. सूर जितका खाली, तितकी नळी लांब जाते. बँडच्या हॉलचं छप्पर दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून आजी गॅरेजात भोपळ्याच्या मागे उभी राहून सराव करी. एका सोमवारी एक फारच खालचा सूर आला. आजीने मन लावून नळी सोडली आणि ती खळ्ळकन उजव्या दिव्यातून आरपार गेली.

आजीचं म्हणणं पडलं, की सूर बरोबर होता, दिवाच चुकीच्या जागी होता.

त्याच आठवड्यात गाडीची वार्षिक तपासणी होती. तपासणी करणारे नॉर्मन पिकवर्थ आजोबांचे शाळेपासूनचे मित्र, पण माणूस असा काटेकोर, की स्वतःच्या आईची सायकलही त्यांनी नापास केली असती. आजोबांनी फुटक्या दिव्यावर टॉफीचा लाल कागद चिकटवला होता. पिकवर्थ वाकले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले.

"आर्नल्ड, या दिव्यावर 'स्ट्रॉबेरी' लिहिलंय."

भोपळा नापास झाला. दहा दिवसांची मुदत मिळाली. पुढच्या शनिवारी सकाळी अकराला पुन्हा तपासणी.

त्या रात्री जेवताना आजीने निकाल दिला. शनिवारी गाडी पास झाली, तर गॅरेज गाडीचं, आणि आजी सकाळी सहाला आजोबांच्या उशाशी बसून सराव करील. नापास झाली, तर गॅरेज बँडचं आणि गाडी स्पेंडलव्ह नावाच्या गृहस्थांना. या स्पेंडलव्हचं समुद्रकाठी मिनी गोल्फचं मैदान होतं आणि त्यांना सातव्या खड्ड्यासाठी काहीतरी गमतीदार हवं होतं. भोपळ्याच्या नाकात गोल भोक पाडायचं. चेंडू तिथून आत जाईल, पोटातून गडगडत येईल आणि धुराच्या नळीतून बाहेर पडेल, असा त्यांचा बेत होता.

टॅबीने वाटाणे ताटाच्या कडेला सारले. रविवारचा आपला भोपळा, आणि लोक त्याच्या नाकात चेंडू मारणार. तिने मनाशी ठरवलं, दिव्याची काच शोधायचीच.

दुसऱ्या दिवशी दोघं क्लिफच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. क्लिफ म्हणजे तपकिरी डगला, कानामागे पेन्सिल, आणि गिऱ्हाईक दारात दिसताच ठरलेला प्रश्न.

"कुठल्या गाडीचा?"

"ते कळलं असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?" आजोबा म्हणाले. "ज्योतीसारखा आहे बघ. टोक वर."

क्लिफने फुटका तुकडा टोक वर करून धरला आणि विटेएवढी जाड अशी चित्रांची तीन पुस्तकं पहिल्या पानापासून चाळली. मधे दोनदा चहा झाला. ज्योतीसारखा दिवा जगात कुणी बनवलेलाच नाही, असा निष्कर्ष निघाला.

मग मंगळवारी पबमध्ये क्लबची सभा भरली. बाकीच्या दहा जणांनी तुकडा हातोहात फिरवला आणि प्रत्येकाने छातीवर हात ठेवून वेगवेगळं उत्तर दिलं. हा पोलंडच्या ट्रॅक्टरचा. हा इटालियन आइस्क्रीमच्या गाडीचा. हा बोटीचा, म्हणूनच त्यात पाणी राहतं. डेस्मंडनी सगळ्यांना गप्प केलं आणि सांगितलं, की हा शववाहिकेचा दिवा आहे, आकारातच दुःख दिसतंय. आजोबांना ते पटलं. दुसऱ्या दिवशी ते आणि टॅबी एका अंत्ययात्रेच्या मागे चार मैल गेले, बसने. चर्चपाशी आजोबा तुकडा हातात घेऊन शववाहिकेच्या मागे गुडघ्यांवर बसले. घरच्यांना वाटलं, मृताचा कुणी जुना जिवलग आहे. त्यांनी आजोबांना हाताला धरून उठवलं आणि जेवायलाच नेलं. टॅबीला दोन सँडविच मिळाले. दिवा चौकोनी होता.

बाजाराच्या वाहनतळावर तर रखवालदाराने त्यांना हटकलं. एक म्हातारा आणि एक मुलगी ओळीने प्रत्येक गाडीच्या मागे वाकून बघतायत, हे त्याला बरं वाटेना. आजोबांनी त्याला सगळी हकीकत सांगितली, भावांपासून बदकांपर्यंत. रखवालदार शेवटी म्हणाला, "साहेब, वाटेल तेवढं वाका, पण मला अजून सांगू नका."

असे दिवस संपत गेले. गुरुवारी स्पेंडलव्ह खडू घेऊन आले आणि त्यांनी भोपळ्याच्या नाकावर एक गोल काढून ठेवला. शनिवारी दुपारी बाराला ट्रेलर घेऊन येतो, म्हणाले.

शुक्रवारी संध्याकाळी आजोबा खुर्चीत नुसते बसून होते. टॅबी एकटीच गॅरेजात जाऊन भोपळ्यात बसली. बराच वेळ बसली. मग बाहेर यायला निघाली तर दारं रुसलेली. नेहमीप्रमाणे ती मागच्या काचेतून डोकं आधी घालून निघाली, आणि स्वेटर कडीत अडकला. पाय आत, डोकं खाली, नाकासमोर डावा, धडका दिवा. लोंबकळत लोंबकळत तिने त्याच्याकडे पाहिलं.

ती ज्योत नव्हतीच. ते गाजर होतं. वर जाड, खाली टोक. आणि हे गाजर तिने कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी काय, दर शुक्रवारी पाहिलं होतं. त्याच्यासोबत तळलेल्या माशांचा वास यायचा.

टॅबीने स्वेटर कडीलाच सोडला, उजव्या दिव्याचा तुकडा उचलला आणि पळत सुटली.

गावच्या हिरवळीवर दर शुक्रवारी जॉयसबाईंची मासे-बटाट्यांची व्हॅन उभी राहते. रांग व्हॅनच्या मागून सुरू होते. मोठी माणसं रांगेत उभी राहिली की वर लावलेला भावफलक वाचतात. मुलांच्या डोळ्यांसमोर मात्र मागचे दिवे येतात. टॅबीने तुकडा उलटा केला, टोक खाली, आणि व्हॅनच्या दिव्यावर टेकवला. तो नीट बसला, जसं झाकण आपल्याच डब्यावर बसतं.

"काय गं, माझी गाडी मोजतेस की काय?" जॉयसबाई खिडकीतून वाकून म्हणाल्या.

टॅबीने विचारलं, ही व्हॅन आधी कोण होती. जॉयसबाईंना प्रश्न आवडला. आधी ही पाव वाटायची, त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तिचं नाव, साल, सगळं माशांच्या कागदावर लिहून दिलं. वर थोडे बटाटेही घातले, कारण पोरगी थंडीत बिनस्वेटरची उभी होती.

शनिवारी नऊला क्लिफने दुकान उघडलं तेव्हा आजोबा आणि टॅबी पायरीवरच होते. क्लिफने तेलकट कागद वाचला आणि पेन्सिल कानामागून काढली.

"गाजरं हवी होती होय? मग ज्योत ज्योत काय करत होतास, आर्नल्ड? गाजर तर तिसऱ्या फळीवर पडलंय, कुणी घेईना म्हणून."

अर्ध्या मिनिटात काच हातात आली. घरी येऊन आजोबांनी ती बसवली. दिव्याची बैठक होती तशी, टोक वर करूनच बसवली, कारण बावीस वर्षांची सवय. पण बसवताना त्यांचा हात थांबला. ते टोकाजवळच्या बारीक भोकाकडे बघत राहिले.

"टॅबे," ते हळूच म्हणाले, "हे भोक पाणी बाहेर जायला केलंय. खाली असायला हवं ते. आम्ही बावीस वर्षं पाणी आत यायला दार उघडं ठेवलं आणि मग पिचकारीने उपसत बसलो."

टॅबीला हसू आवरेना. आजोबांनाही आवरेना. हसता हसता साडेदहा वाजले.

पिकवर्थांच्या तपासणीच्या शेडमध्ये डेस्मंड आधीच येऊन उभे होते, क्लबतर्फे धीर द्यायला. बाहेर रस्त्यावर स्पेंडलव्ह ट्रेलर लावून बसले होते. पिकवर्थांनी ब्रेक बघितले, चाकं हलवली, खाली वाकले, वर वाकले. दिवे लावून पाहिले. दोन्ही लाल, दोन्ही सारखे. त्यांनी कागद काढला, पेनाचं टोपण उघडलं.

आणि इथे आर्नल्ड आजोबांनी ती चूक केली, जी घरी गाडी जोडणारा माणूसच करतो. त्यांना राहवेना. आपण काय शोधून काढलं, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडेना.

"नॉर्मन, गंमत ऐक. हे दिवे उलटे आहेत."

पिकवर्थांनी पेनाचं टोपण लावलं.

"उलटे म्हणजे?"

आजोबांनी उत्साहाने सगळं सांगितलं. गाजर, भोक, पिचकारी. टॅबी त्यांची बाही ओढत होती, पण ते थांबेनात. पिकवर्थांनी शांतपणे नियमांचं पुस्तक काढलं. दिवा बनवणाऱ्याला अभिप्रेत होता तसाच बसवलेला हवा, असं त्यांच्या वाचनात आलं. डेस्मंडचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, बनवणारा म्हणजे कोण? दिव्याचा की गाडीचा? गाडी बनवणाऱ्यांनी टोक वरच दाखवलंय, आणि त्याचा पुरावा क्लबच्या दप्तरात आहे. दप्तर त्यांच्या काखेतच होतं.

पुरावा म्हणजे भावांच्या चार कागदांपैकी तिसरा. त्यावर दिव्याचं चित्र होतं, अक्षर एकही नव्हतं. डेस्मंडनी तो टेबलावर ठेवला, टोक वर. पिकवर्थांनी तो फिरवला, टोक खाली.

"कागद असाच धरायचा, हे कशावरून?" डेस्मंड म्हणाले.

"आणि तसाच धरायचा, हे कशावरून?" पिकवर्थ म्हणाले.

आजोबांनी चहाचा डाग दाखवला. डाग सहसा खालच्या बाजूला पडतो, म्हणून ही खालची बाजू. डेस्मंड म्हणाले, तो डाग गेल्या वर्षी माझ्याच कपाचा पडलाय. तिघंही टेबलावर वाकले. कागद गोल गोल फिरू लागला. घड्याळात पावणेबारा झाले. बाहेर स्पेंडलव्हनी ट्रेलरची फळी खाली टाकली, तिचा आवाज आत आला.

टॅबीने तिघांच्या पाठींकडे पाहिलं. मग दिव्यांकडे पाहिलं. एका दिव्याला चार स्क्रू, चौकोनात, चारी बाजूंनी सारख्या अंतरावर. म्हणजे दिवा काढून अर्धा फिरवला, तरी तो त्याच भोकांवर बसणार. मघापासून हे कुणीच बघितलं नव्हतं, कारण सगळे कागद बघत होते.

तिने पिकवर्थांच्या फळीवरचा स्क्रू ड्रायव्हर घेतला.

उजवा दिवा सहज फिरला. डावा काढला तेव्हा त्यातून महिनाभराचं पाणी भळकन तिच्या बुटांत गेलं. बूट तसेच ठेवून तिने आठवा स्क्रू आवळला, हात फ्रॉकला पुसले आणि पिकवर्थांच्या कोपराला टोचलं.

"पिकवर्थ काका, गाडी बघता का जरा?"

पिकवर्थ आले. वाकले. चष्मा पुसला, पुन्हा वाकले. दोन्ही गाजरं, टोकं खाली, लालबुंद. त्यांनी एकदा टॅबीच्या बुटांकडे पाहिलं, एकदा जमिनीवरच्या थारोळ्याकडे.

"हे कुणी केलं, ते मी विचारत नाही," ते म्हणाले. "दिवा सरळ आहे की उलटा, एवढंच बघणं माझं काम."

त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद तिच्या हातात दिला. टॅबीने तो उन्हाकडे धरून तीनदा वाचला. पास. मग ती बाहेर गेली आणि स्पेंडलव्हना कागद दाखवला. त्यांनी फळी वर घेतली.

आत आजोबा आणि डेस्मंड अजून टेबलावर वाकलेलेच होते. डेस्मंड म्हणत होते, असं असेल तर अकरा बिल्ले बदलावे लागतील. आजोबा म्हणत होते, बिल्ले उलटे लावले की झालं. गाडी पास झालीय, याचा दोघांनाही पत्ता नव्हता.

टॅबीने एकदा हाक मारली. दोनदा मारली. मग ती मागच्या काचेतून आत शिरली, ओले बूट पायांतून उडवले, चालकाच्या जागेवर जाऊन बसली, आणि दोघं कानांत बोटं घालून गाडीपाशी येईपर्यंत तिने भोंग्यावरचा हात काढला नाही.